हॉस्टेटर सरांचं आतलं पाकीट

वेंडेल हॉस्टेटर सरांच्या उजव्या गुडघ्याने ऐन निवडणुकीच्या तोंडावर दगा दिला. गुडघा बदलायची तारीख डॉक्टरांनी दिली ती मतदानाच्या बरोबर बारा दिवस आधीची. तारीख पुढे ढकला म्हणून सरांनी दोनदा फोन केला, पण तिकडच्या बाईंनी सांगितलं की ही गेली तर पुढची थेट मार्चात. मार्चापर्यंत जिना बसून उतरायचा का, असं मार्गीने, म्हणजे सरांच्या बायकोने, विचारलं. त्यावर सरांकडे उत्तर नव्हतं. एरवी उत्तर नाही असा विषय त्यांच्याकडे सापडणं कठीण.

सरांनी एकतीस वर्षं पेन्सिल्वेनियातल्या त्या एकाच गावातल्या शाळेत नागरिकशास्त्र शिकवलं होतं. निवृत्त झाल्यावर वर्ग गेला, पण शिकवणं गेलं नाही. दवाखान्याचं बिल भरायला कुणाला घर विकावं लागू नये, बायकांच्या शरीराचे निर्णय बायकांनी घ्यावेत, बंदूक विकत घेणं ग्रंथालयाचं कार्ड काढण्याहून सोपं असू नये आणि त्या ग्रंथालयातली पुस्तकं काय म्हणून काढून टाकायची, ही सगळी मतं ते न्याहारीलाच मांडून मोकळे व्हायचे. मार्गी पक्की त्यांच्याच पक्षाची. पण अंडं थंड होईपर्यंत तिला तिचंच मत कुणी समजावून सांगत बसलं की तिला विरोधी पक्षात जावंसं वाटायचं. म्हणून तिने नियम केला होता की जनमत चाचण्यांचे आकडे टेबलावर आणायचे नाहीत. सर ते आकडे स्वयंपाकघरालगतच्या पॅन्ट्रीत उभं राहून वाचत.

तर असा माणूस. अठराव्या वर्षी वडिलांनी हाताला धरून फायर स्टेशनच्या हॉलमध्ये मत द्यायला नेलं होतं, तेव्हापासून बावन्न वर्षांत एकही मतदान त्यांनी चुकवलं नव्हतं. सांडपाणी मंडळाच्या निवडणुकीत, जिथे एकच उमेदवार उभा होता आणि तोही आजारी होता, तिथेही सर बर्फ तुडवत गेले होते. वडील गेले त्या वर्षी दुपारी अंत्यविधी आणि सकाळी मतदान, असं केलं होतं. वडिलांना तेच आवडलं असतं असं ते म्हणत, आणि म्हणताना त्यांचा आवाज जरा वेगळा होई. आता पहिल्यांदाच टपालाने मत द्यायची पाळी आली. पहिले दोन दिवस त्यांनी सुतक पाळल्यासारखा चेहरा केला. तिसऱ्या दिवशी त्यांनी सोबतचं सूचनापत्रक वाचलं, आणि सगळं बदललं.

सूचनापत्रकात लिहिलं होतं की मत गुप्त राहावं म्हणून मतपत्रिका आधी आतल्या पिवळ्या पाकिटात घालावी, मग ते पाकीट बाहेरच्या पाकिटात. आतलं पाकीट राहिलं तर मत बाद. सरांनी मतदान कार्यालयाला फोन करून विचारलं, तेव्हा कळलं की मागच्या निवडणुकीत त्यांच्याच गावातली तेवीस मतं एवढ्याशा कारणाने बाद झाली होती. तेवीस माणसांनी विचार करून, नावापुढचे गोल काळे करून, तिकीट लावून पाठवलेली मतं. सरांना त्या रात्री झोप लागली नाही. सकाळी त्यांनी जाहीर केलं की आपल्या गॅरेजमध्ये दर शनिवारी वर्ग भरेल: टपाली मतदान, नीट आणि नेटकं.

मार्गीने एवढंच विचारलं, "गॅरेज आवरणार कोण?"

गॅरेज आवरण्यापासून लोकांचे सल्ले सुरू झाले. समोरच्यांचं म्हणणं, ख्रिसमसचं सामान पोटमाळ्यावर टाका. कोपऱ्यावरच्यांचं म्हणणं, पोटमाळ्यावर खारी असतात. वसाहतीच्या मंडळाकडून पत्र आलं की दारासमोरची 'मतदान वर्ग' ही पाटी ठरलेल्या मापापेक्षा चार इंच रुंद आहे. सरांनी पाटी चार इंच कापली. मग पाटीवर 'मतदान व' एवढंच उरलं आणि दोन बायका 'मतदान व काय' हे विचारायला आल्या. टाउनशिपच्या, म्हणजे गावच्या, कचेरीत फोन केला तर तिथल्या गृहस्थाने वर्गात खाद्यपदार्थ वाटणार का, असं विचारलं. डोनट, असं सर म्हणाले. घरी केलेले की विकत आणलेले? विकतचे. मग परवानगी नको. घरी केलेले असते तर स्वयंपाकघराची तपासणी झाली असती. लोकशाहीला मार्गीच्या स्वयंपाकघरापर्यंत येऊ द्यायचं नाही यावर घरात एकमत झालं.

खरी मदत केली ती शेजारच्या डेल राइनहार्टने, आणि हेच सरांना टोचलं. डेलच्या हिरवळीवर विरुद्ध पक्षाच्या सहा पाट्या होत्या आणि ट्रकच्या मागे दोन झेंडे. बारा वर्षं दोघांच्या मध्ये एक कुंपण होतं आणि त्या कुंपणावर कोपर टेकून दोघं भांडत आले होते. डेलने आपल्या शिकारी क्लबमधल्या वीस घडीच्या खुर्च्या आणून दिल्या, एक हीटर दिला आणि सल्लाही दिला.

"वर्गबिर्ग घे, पण टपालाने मत देऊ नकोस. पाकिटं चोरतात. मला माहितीय."

यावर सरांनी वीस मिनिटं भाषण दिलं. मोजणी करणारी माणसं आपलीच असतात, किराणा दुकानात भेटणारी. मार्गी स्वतः दर निवडणुकीला मतदान केंद्रावर टेबलाशी बसते, ती काय चोर आहे? हरल्यावर चोरी झाली म्हणणं हा पोरकटपणा आहे, आणि असल्या अफवांनीच देश पोखरला जातोय. डेलने सगळं शांतपणे ऐकलं आणि हीटरची वायर कुठे लावायची ते विचारलं.

पहिल्या शनिवारी सात माणसं आली, दुसऱ्या शनिवारी एकोणीस. फायर स्टेशनच्या हॉलमध्ये मतदानाच्या दिवशी चिकन-मक्याचं सूप विकणाऱ्या बायका झाडून सगळ्या आल्या, कारण त्यांचा तो अख्खा दिवस पातेल्यापाशी जाणार होता. त्यांची म्होरकी चौऱ्याऐंशी वर्षांची व्हर्डी ल्यूटविलर, पहिल्या रांगेत पर्स मांडीवर घेऊन. काँग्रेससाठी, म्हणजे अमेरिकेच्या संसदेसाठी, उभ्या असलेल्या नोरा कास्टेलानोबाईंच्या प्रचारातली टेसा नावाची मुलगी येऊन हळूच म्हणाली की सर, शेवटी नोराबाईंबद्दल दोन शब्द बोला ना. नोरा ही सरांची अगदी मनापासूनची उमेदवार. पण सर ताठ झाले. हा वर्ग आहे, इथे मत कसं द्यायचं ते शिकवतात, कुणाला ते नाही. टेसा हिरमुसली. डेलच्या क्लबमधले दोघं मागे बसले होते, त्यांनी ते ऐकलं आणि पुढच्या शनिवारी आणखी चौघांना घेऊन आले.

सरांची पद्धत शाळेतलीच. मतपत्रिका आतल्या पाकिटात घातली की ते पाकीट डोक्यावर उंच धरायचं. सर म्हणणार, "पाकीट वर." सगळ्यांनी वर धरायचं. मग सगळ्यांनी एका सुरात "आतलं पाकीट" म्हणायचं आणि मगच बाहेरच्यात सरकवायचं. सराव साध्या कागदांचा असे, पण व्हर्डीबाई तेवढ्यासाठीही हात थेट छताकडे नेत.

मागच्या रांगेतल्यांना सरांनी काढलेलं पाकिटाचं चित्र दिसत नव्हतं. खरं पाकीट दाखवा, अशी मागणी झाली. सरांनी मतदान कार्यालयाकडे नमुन्याचं पाकीट मागितलं. ते मिळतं, पण त्यासाठी अर्ज करावा लागतो आणि अर्जाला पंधरा कामाचे दिवस लागतात, असं कळलं. पंधरा कामाचे दिवस म्हणजे निवडणूक होऊन गेल्यावर. तेव्हा सरांनी स्वतःचं खरं आतलं पाकीट एका मोठ्या पुठ्ठ्यावर चिकटपट्टीने लावलं, खाली लाल अक्षरांत 'हे विसरू नका' असं लिहिलं आणि पुठ्ठा गॅरेजच्या भिंतीला टांगला. शेवटचा वर्ग झाला की काढून घेऊ, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं. शेवटच्या वर्गाला बेचाळीस माणसं आली, निम्मी उभीच राहिली, टाळ्या झाल्या, व्हर्डीबाईंनी सरांच्या गालाचा मुका घेतला. खुर्च्यांच्या चळती पुठ्ठ्यासमोर रचल्या गेल्या, आणि ठरवलेलं मनातच राहिलं.

शस्त्रक्रियेच्या दिवशी पहाटेच निघायचं होतं. आदल्या संध्याकाळपासून पोटात पाण्याशिवाय काही नाही. सरांनी टेबलाच्या खणातलं बाहेरचं पाकीट काढलं. त्यात आठवड्यापूर्वीच भरून ठेवलेली मतपत्रिका होती. पाकीट चिकटवलं, सही केली, तारीख घातली.

"सगळं नीट बघितलंस ना?" मार्गीने गाडीची किल्ली शोधता शोधता विचारलं.

"मार्गी, मी याचा वर्ग घेतो."

वाटेत काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, टपाली मतांच्या पेटीत पाकीट टाकताना सरांनी मार्गीला फोटो काढायला लावला. फोटोत सर उपाशी दिसतात, पण समाधानी.

गुडघा छान बसला. सर घरी येऊन आरामखुर्चीत पडले, पाय उशीवर, शेजारी वॉकर. चौथ्या दिवशी मतदान कार्यालयाची ईमेल आली. आपली मतपत्रिका आतल्या पाकिटाशिवाय मिळाली आहे. ती मोजता येणार नाही. मतदानाच्या दिवशी केंद्रावर जाऊन तात्पुरती मतपत्रिका भरता येईल.

सरांनी ती तीनदा वाचली. मग कार्यालयाला फोन केला. पलीकडची मुलगी फार गोड बोलत होती आणि त्यामुळे सर आणखी चिडले. ती म्हणाली, आमच्याकडे तसंच आलंय. सर म्हणाले, शक्य नाही. मी बेचाळीस माणसांना शिकवलंय. ती म्हणाली, होतं असं कधीकधी. तेव्हा सरांनी आवाज खाली आणून जे वाक्य उच्चारलं, ते ऐकून त्यांना स्वतःलाच दचकायला झालं: "माझ्या पाकिटातून कुणीतरी काहीतरी काढून घेतलंय."

मार्गीला सांगायची सोय नव्हती. तिने विचारलं होतं, आणि त्यांनी काय उत्तर दिलं होतं तेही त्यांना आठवत होतं. पण मनात ठेवणंही जमेना. डेल हरणाच्या मांसाचे सॉसेज घेऊन चौकशीला आला तेव्हा सरांच्या तोंडून सगळं बाहेर पडलं. डेल हसला नाही, आणि हसला असता तर बरं झालं असतं. त्याने डोक्यावरची टोपी काढली, सरांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला की उशिरा का होईना, तुला कळलं. मतदानानंतरच्या गुरुवारी क्लबात आमची बैठक आहे, ये आणि अनुभव सांग. तुझ्यासारखा शिकलेला माणूस बोलला तर वजन पडेल. सरांना गुडघ्याची भूल उतरली तेव्हा झाला नव्हता इतका त्रास झाला.

पुढचा आठवडा सरांनी आतल्या आत कुढत काढला. तात्पुरती मतपत्रिका भरायची नाही, असं त्यांनी ठरवलं. जे माझं माझ्याकडून काढून घेतलं गेलं त्यासाठी मीच पुन्हा रांगेत उभं राहायचं? वर्तमानपत्राला पत्र लिहायला घेतलं. पहिल्याच ओळीत 'चोरी' हा शब्द आला, तो खोडला, 'गहाळ' लिहिला, तोही खोडला. संध्याकाळी शाळेतले दिवस आठवत. एका मताने काय होतं असं मुलं विचारायची, आणि सर त्यांना तासभर सांगायचे. आता बावन्न वर्षांची माळ तुटणार होती. वडिलांचा तो खरखरीत हात आठवून त्यांना रडू आलं आणि मार्गीने विचारल्यावर त्यांनी गुडघ्याचं नाव सांगितलं.

मतदानाचा दिवस उजाडला. मार्गी सहाच्या आत फायर स्टेशनच्या हॉलमध्ये गेली. टेबलाशी बसणाऱ्यांना फोन बंद ठेवावा लागतो, ती आता रात्रीच परतणार. दहाच्या सुमारास डेल क्लबच्या खुर्च्या न्यायला आला. सर वॉकर टेकत गॅरेजच्या दारात उभे राहिले. डेलने खुर्च्यांची पहिली चळत उचलली, दुसरी उचलली आणि थांबला.

"वेंडेल, कार्यालयाने तुला हे नमुन्याचं पाकीट दिलं का शेवटी?"

"नाही. पंधरा कामाचे दिवस लागतात."

"मग हे कुणाचं?"

भिंतीवर पिवळं पाकीट होतं, चिकटपट्टीने चारी बाजूंनी पक्कं लावलेलं. खाली लाल अक्षरांत, सरांच्या सुवाच्य हस्ताक्षरात, 'हे विसरू नका'.

सर वॉकरसकट एका खुर्चीत बसले.  मग सर म्हणाले की त्या कार्यालयातल्या मुलीची मला माफी मागायची आहे. डेलने मान हलवली. तो जरा खट्टू दिसत होता. गुरुवारच्या बैठकीसाठी इतका चांगला किस्सा मिळाला होता आणि तोही हातचा गेला. पण तो पुढे आला आणि वॉकरला धरून उभा राहिला.

"चल."

"कुठे?"

"मत द्यायला. आठपर्यंत उघडं आहे."

"डेल, माझं मत तुझ्या विरुद्ध जाणार आहे."

"ते मला माहीत नाही होय? बारा वर्षं कुंपणावर तुझं ऐकतोय मी. एवढं ऐकून घेतल्यावर तुझं मत मोजलंच नाही, तर माझे कान फुकट गेले की."

डेलचा ट्रक उंच होता. सरांना आत चढवायला मार्गीची भाज्यांच्या वाफ्याजवळची पायरी आणावी लागली. मागे दोन झेंडे फडफडत होते. फायर स्टेशनच्या आवारात, दारापासून दहा फुटांवर आखलेल्या प्रचारबंदीच्या रेषेबाहेर, टेसा नोराबाईंची पत्रकं वाटत उभी होती. त्या ट्रकमधून हॉस्टेटर सर उतरताहेत हे पाहून तिच्या हातातली पत्रकं तशीच राहिली. सर तिला सांगणार होते की गैरसमज नको. पण एका हाताने वॉकर आणि दुसऱ्या हाताने डेलचा दंड धरला होता, तेव्हा त्यांनी नुसती मान झुकवली.

हॉलमध्ये सूपाचा वास भरला होता. टेबलाशी मार्गी बसली होती, गळ्यात ओळखपत्र, समोर मतदारांचं जाडजूड पुस्तक. नवऱ्याला पाहून तिच्या चेहऱ्यावर क्षणभर काळजी आली आणि लगेच गेली. चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात तिने त्यांना कधी अहो-जाहो केलं नव्हतं.

"आपलं नाव?"

"मार्गी."

"नाव सांगा, सर. मागे रांग आहे."

सरांनी नाव सांगितलं. मार्गीने पुस्तकात पाहिलं. आपण टपाली मतपत्रिका घेतली होती. ती आमच्याकडे बाद अशी नोंदवलेली दिसते. कारण काय? नोंद करावी लागते.

सरांनी मागे पाहिलं. रांगेत त्यांचे तीन जुने विद्यार्थी होते. स्वयंपाकघराच्या खिडकीत व्हर्डीबाई डाव घेऊन उभ्या होत्या, आणि त्यांच्यामागे वर्गातल्या सगळ्या बायका. दारात डेल. हळू बोललं तर मार्गी पुन्हा विचारणार, हे त्यांना माहीत होतं.

"आतलं पाकीट घालायचं राहिलं," सर म्हणाले.

 मार्गीने खाली मान घालून लिहिलं. तिचे खांदे हलत होते, पण अक्षर सरळ आलं. मग तिने एक तात्पुरती मतपत्रिका सरांपुढे ठेवली आणि तिच्यासोबत दोन पाकिटं, एक बाहेरचं आणि एक आतलं. म्हणजे इथेही तेच.

सर आडोशाला गेले. गोल काळे केले, प्रत्येक दोनदा तपासला. टेबलाशी परत येऊन त्यांनी मतपत्रिका आतल्या पाकिटात घातली आणि बाहेरचं उचलायला हात पुढे केला. तेवढ्यात खिडकीतून व्हर्डीबाईंचा आवाज आला.

"सर, पाकीट वर."

सर थांबले. एका हाताने वॉकर घट्ट धरला आणि दुसऱ्या हाताने पाकीट डोक्यावर उंच धरलं. खिडकीतल्या बायका एका सुरात म्हणाल्या, "आतलं पाकीट." रांगेतले तिघं म्हणाले. दारातून डेलही म्हणाला, आणि सगळ्यांत मोठ्याने तोच म्हणाला. सरांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि या वेळी त्यांनी गुडघ्याचं नाव पुढे केलं नाही.

नोराबाई हरल्या, पण मागच्या वेळच्या निम्म्या फरकाने. सरांनी दोन दिवस कुणाशी वाद घातला नाही, यावरून मार्गीला त्यांची प्रकृती कळली. नवव्या दिवशी काउंटीच्या संकेतस्थळावर सरांच्या नावापुढे 'मोजले' असं आलं. त्यांनी तो कागद छापून फ्रिजवर लावला. त्याच संध्याकाळी मार्गी केंद्राच्या कामाचा हिशेब पुरा करून घरी आली आणि कोट काढता काढता म्हणाली, "बाद पाकिटांची यादी आली. मागच्या वेळी आपल्या गावातली तेवीस होती ना?"

सरांनी पॅन्ट्रीतून डोकं बाहेर काढलं.

"या वेळी एकच."

सर वॉकर टेकत गॅरेजमध्ये गेले, पुठ्ठ्यावरचं पाकीट तसंच ठेवलं आणि वर जाड अक्षरांत लिहिलं: नमुना. मग कुंपणापाशी जाऊन त्यांनी डेलला हाक मारली. मे महिन्यात शाळा मंडळाची निवडणूक होती, आणि वीस खुर्च्या पुरणार नाहीत असं त्यांना वाटत होतं.